उत्पन्नाचा रकाना

४ जुलै

दादा,

कागद माझा, पाकीट माझं, तिकीटही माझ्याच पर्समधलं. ऑफिसचं काही वापरलेलं नाही. आधीच सांगते, कारण तू पहिलं तेच बघशील. आणि फाडायचंच असेल तर निदान पान संपेपर्यंत थांब. हे भांडणाचं पत्र नाही, तुझ्या लेकीच्या अर्जाचं आहे.

सोमवारी शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. आमच्या कॉलेजचा विद्यार्थी सहाय्य निधी असतो ना, त्याचे. फी, वसतिगृह, मेसचं जेवण, तिन्ही त्यात येतात. एकशे बारा अर्ज आणि जागा चाळीस. सत्ताविसावा अर्ज उघडला तर फोटोत तूच! म्हणजे तुझ्या भुवया, तुझं ते 'काय बघताय' असं तोंड, फक्त दोन वेण्या घातलेलं. अरे, मिरची एवढी मोठी झाली? मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा बारा वर्षांची होती आणि माझ्या चपला घालून घरभर फिरत होती. आता भूगर्भशास्त्राला प्रवेश, तोही गुणवत्ता यादीत चौथी! मी खुर्चीत बसल्या बसल्या एकटीच हसले. फूटपट्टींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फूटपट्टी म्हणजे शेजारच्या टेबलावरचे आमचे साहेब. अर्जावरची सही रेषेच्या बाहेर गेलीय का, तेसुद्धा पट्टी लावून बघतात, म्हणून सगळं ऑफिस त्यांना तेच म्हणतं.

मग पान उलटलं आणि उत्पन्नाचा रकाना दिसला.

दादा, तू लिहिलेला आकडा आमच्या प्राचार्यांच्या पगाराच्याही वर जातो. एवढं कमावणारा माणूस शिष्यवृत्ती मागायला येत नाही, द्यायला येतो. मला वाटलं, एक शून्य चुकून जास्त पडलं असेल. दरवर्षी दोघातिघांचं पडतं. पण खाली तू अक्षरांतही लिहिलंयस, त्या तुझ्या ठसठशीत अक्षरात, एकही खाडाखोड नाही. खरंच एवढं मिळत असेल तर अभिनंदन, मग अर्ज मागे घे आणि आम्हाला एक हॉल बांधून दे.

नसेल मिळत, तर ऐक. उत्पन्न मर्यादेच्या वर असलं की अर्ज बाजूला जातो, मार्क कोणी बघतसुद्धा नाही. नातेवाइकाचा अर्ज आम्हाला हाताळता येत नाही, म्हणून मी तिथल्या तिथे नोंदवहीत 'अर्जदार माझी भाची' असं लिहिलं आणि तो फूटपट्टींच्या टेबलावर ठेवला. आता मला त्याला बोटही लावता येणार नाही. पण तुला येईल. दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, सोबत कामाच्या ठिकाणचा दाखला जोडायचा, पंचवीस जुलैच्या संध्याकाळी पाचपर्यंत. हे बाहेरच्या फळ्यावर सगळ्यांसाठी लिहिलेलं आहे, तेव्हा मी तुला काही आतलं सांगतेय असं समजू नकोस.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. सहा वर्षांपूर्वी त्या सत्काराच्या दिवशी तू चहा न घेता का निघून गेलास, ते मला अजून कळलेलं नाही. असो. तो विषय नको.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
धाकटी

९ जुलै

दादा,

पाच दिवस झाले, उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं म्हणा. पण मला कुठे गप्प बसवतंय? दुकानाचा जुना नंबर अजून पाठ आहे, तो लावला. पलीकडून कोणीतरी गाणं गुणगुणतच फोन उचलला. मी विचारलं, "सोफ्याचं दुकान ना?" तो म्हणाला, "सोफेवाले गेले हो. वर्ष झालं. आता कटिंग सलून आहे. बसच्या सीटा बनवतात त्या कारखान्यात जातात ते. दाढीचं काही काम होतं का?"

मी म्हटलं, नाही, सध्या नाही.

दुकान बंद केलंस? वर्षभरापूर्वी? आणि मला एक सलूनवाला सांगतो! खूप राग आला. डब्याचं झाकण उघडून तशीच बसून राहिले. ज्या दुकानाची पाटी तू स्वतः रंगवलीस, रंग वाळायच्या आत मला उभं करून फोटो काढलास आणि माझी ओढणी कायमची निळी केलीस, ते दुकान! मग राग गेला आणि वाईट वाटलं, आणि मग परत राग आला, कारण वाईट वाटलं तरी सांगायला तू समोर नाहीस.

म्हणजे शून्य चुकून पडलेलं नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणारा माणूस सरळ सरळ एवढा आकडा लिहितो, ते का? लोक इथे उत्पन्न कमी दाखवतात, दादा. एकदा तर एकाने आठ खोल्यांचं घर 'झोपडी' म्हणून लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत जास्त लिहिणारा मी पहिला बघितला, आणि तो नेमका माझाच भाऊ निघाला. कपाळावर हात मारून घेतला मी.

रागावू नकोस. गंमत वाटते म्हणून लिहिलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुझे मेहुणे निवृत्त झाल्यापासून गॅलरीत टोमॅटो लावतायत. आतापर्यंत चार आले. चारही फोटो काढून झाल्यावरच चिरायला मिळाले. मला अजून दोन वर्षं आहेत, आणि खरं सांगू, मला ही नोकरी सोडवत नाही. जूनमध्ये पोरं खिडकीशी घाबरत घाबरत येतात, शब्द फुटत नाही, आणि डिसेंबरात तीच पोरं ग्रंथालयासमोर आरडाओरडा करत असतात. ते बघायला बरं वाटतं.

पंचवीस जुलै. लक्षात ठेव.

धाकटी

१७ जुलै

दादा,

पोस्टकार्ड मिळालं. 'माझ्या घरच्या भानगडीत पडू नकोस.' पाच शब्द! सहा वर्षांत पहिल्यांदा पाच शब्द. मी तुझ्या मेहुण्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे? त्यांना नाही कळायचं.

शिवाय पत्ता वहिनीच्या अक्षरात आहे, आणि कोपऱ्यात अगदी बारीक लिहिलंय, 'ताई, गुडघ्यामुळे दुकान सोडावं लागलं. मी सांगितलं म्हणून सांगू नका.' तर हे मी तुला सांगितलेलं नाही. तिला ओरडलास तर बघ.

आता घरच्या भानगडीचंच ऐक. काल फळ्यावर त्रुटींची यादी लागली आणि दुपारी मिरची खिडकीशी आली. मी समोरच होते. मला बघून तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "मॅडम, सत्तावीस नंबरच्या अर्जाबद्दल कोणाला विचारायचं?" मॅडम! आत्या नाही. तुझीच शिकवण असणार, तिथे ओळख दाखवायची नाही, उपकार घ्यायचे नाहीत. मी फूटपट्टींकडे बोट दाखवलं आणि एका रिकाम्या फाइलीत डोकं घातलं. कान अर्थातच तिकडे.

फूटपट्टींनी समजावून सांगितलं की हा आकडा दुरुस्त केला नाही तर अर्ज बाद होईल. ती म्हणाली, "बाबांनी लिहिलंय ना, मग बरोबरच असेल." ते म्हणाले, "बाळ, बरोबर असेल तर शिष्यवृत्ती नाही मिळणार." तिने थोडा विचार केला. मग विचारलं, प्रवेश रद्द केला तर भरलेले पैसे परत मिळतात का, आणि किती दिवसांत. तिला म्हणे एका फरश्यांच्या दुकानात काम मिळतंय. "तिथेही दगडच आहेत," असं म्हणून हसली. तुला खोटं पाडण्यापेक्षा कॉलेज सोडायला तयार आहे रे पोरगी! आणि तो हसरा चेहरा घेऊन ती जिना उतरून गेली, आणि मी फाइल उघडून बसले होते.

घरी येऊनही तो चेहरा डोळ्यांपुढून गेला नाही. म्हणून आज जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू चहा न घेता का गेलास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून माझा सत्कार होता, तुम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसला होतात, तू नवीन शर्ट घेतला होतास. आणि मी माईकसमोर उभी राहून म्हणाले, "आईवडील गेल्यावर मला कोणी नव्हतं. या कॉलेजच्या शिष्यवृत्तीनेच मला शिकवलं." टाळ्या पडल्या. टाळ्या पडतील म्हणूनच तसं म्हटलं होतं. एकटी मुलगी, एक शिष्यवृत्ती, ऐकायला छान वाटतं. त्यात भाऊ आला की गोष्ट साधी होते.

शिष्यवृत्ती तेव्हा फक्त फीची होती. खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, थंडीचा स्वेटर, तू. तू विशीत होतास आणि दुसऱ्याच्या दुकानात सोफे शिवत होतास. पैसे टपालात गहाळ होतील म्हणून दर महिन्याला एक छोटी उशी शिवून पाठवायचास, उरलेल्या कापडाची, आणि नोटा आत अस्तरात. मी ब्लेडने उसवून काढायची आणि परत शिवून टाकायची. तीन वर्षांत तीसच्या वर उशा झाल्या. आमच्या मजल्यावरची प्रत्येक मुलगी तुझ्या उशीवर बसून अभ्यास करायची, मला उशीवाली म्हणायच्या. एकीलाही मी खरं सांगितलं नाही. म्हणायचे, भावाला छंद आहे.

नोकरी लागल्यावर मी काय केलं माहितेय? या निधीत मेस आणि वसतिगृहाचा खर्च घ्या म्हणून नऊ वर्षं समितीच्या मागे लागले. शेवटी त्यांनी हात टेकले. आज ती पोरं पोटभर जेवून शिकतात याचा मला फार अभिमान आहे. त्या बैठकीत मला विचारलं होतं, हे तुम्हाला कसं सुचलं? मी म्हटलं, अनुभवाने. तिथेही तुझा उल्लेख केला नाही. लाज वाटत होती असं नाही रे. सवय झाली होती तशी गोष्ट सांगायची.

चुकलं माझं. फार चुकलं. तू माझ्यावर हवं तेवढं रागाव, आणखी सहा वर्षं रागाव. पण आकडा दुरुस्त कर. माझ्यावरचा राग पोरीच्या अर्जावर काढू नकोस.

आठ दिवस राहिलेत.

धाकटी

२५ जुलै, संध्याकाळी

दादा,

आज दिवसभरात मी चार कप चहा प्यायले आणि एकही काम धड केलं नाही. एका मुलाच्या पावतीवर दुसऱ्याच मुलाचा शिक्का मारला. तीन वाजले, साडेतीन वाजले. फूटपट्टी मधूनच घड्याळाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि खाकरायचे. चार वाजता मी ठरवलं की तुझं तोंड आयुष्यात बघायचं नाही.

चार चाळीसला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मिरची! घामाने थबथबलेली, हातात पाकीट. म्हणाली, बाबांनी कारखान्यातल्या ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवलं, ते स्टँडवर उशिरा पोचले. मी उठायला गेले आणि पुन्हा बसले, कारण मला हात लावता येत नाही ना. दोन्ही हात टेबलाखाली धरून ठेवले.

फूटपट्टींनी पाकीट उघडलं, पट्टी काढली. फॉर्म वाचला. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यापासून परत वाचायला लागले. मला वाटलं, झालं, काहीतरी राहिलं. मग त्यांनी कारखान्याचा दाखला घेतला आणि म्हणाले, "शिक्का पुसट आहे." एवढंच. मिरचीचा चेहरा पडला. ते उठले, दाखला खिडकीपाशी उजेडात धरला, वाकडा केला, सरळ केला. चार सत्तेचाळीस. "वाचता येतोय," म्हणाले, आणि आवक क्रमांक टाकला.

मिरची मटकन बाकावर बसली. मी तिला पाणी दिलं. पाणी द्यायला नियम आडवा येत नाही. सगळा ग्लास एका दमात संपवला आणि म्हणाली, "आत्या, बाबा तुझी तिन्ही पत्रं शिवणाच्या डब्यात ठेवतात. मला वाटायचं फाडतात." मग आम्ही दोघी कँटीनमध्ये गेलो. भरपूर खाते रे ती! खिशातून एक दगड काढून मला त्याचे थर दाखवले, पाऊण तास बोलत होती. मला फारसं कळलं नाही, पण अडवलं नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र ती माझ्यावर गेलीय, तुला मान्य करावंच लागेल.

अजून काही मिळालेलं नाही, हे लक्षात घे. अर्ज फक्त आत आला. एकशे बारातले आता शंभर उरलेत आणि जागा त्याच चाळीस. समिती दोन ऑगस्टला बसते. पण आज मला गाढ झोप लागेल.

तुझ्यावरचा चार वाजताचा निर्णय मागे घेतला आहे.

धाकटी

२ ऑगस्ट

दादा,

मिळाली!

मिरचीने तुला फोन केलाच असेल, तरी मला लिहू दे. तीनही वर्षांची, फी, खोली, जेवण सगळं धरून. यादीत अकरावी. मार्कांवर मिळाली आहे, कोणाच्या ओळखीवर नाही, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसव. सत्तावीस नंबर आला तेव्हा मी बैठकीच्या खोलीबाहेर होते. नातेवाईक असला की बाहेर बसायचं. व्हरांड्यात शिपाईमामांच्या स्टुलावर बसले आणि ते मला त्यांच्या दातदुखीची सगळी हकिगत सांगत होते. आतून अध्यक्षबाईंचा आवाज येत होता, काहीतरी वाचत होत्या.

मग दार उघडलं आणि फूटपट्टी बाहेर आले. म्हणाले, "मंजूर." मी स्टुलावरून उठलेच नाही, तिथेच रडले. ते तसेच उभे राहिले. मग हातातला कागद माझ्यापुढे धरला. म्हणाले, "निर्णय झाला. आता ही फाइल तुमच्याच कपाटात जाणार आहे, तेव्हा नियम आडवा येत नाही. वाचा."

तुझा दुरुस्तीचा फॉर्म. खालच्या रकान्यात विचारतात, आधीची माहिती चुकीची का दिली? लोक तिथे 'नजरचुकीने' लिहितात. सगळे तेच लिहितात. बहुतेकांना मीच सांगते, तसं लिहा म्हणून.

तू लिहिलंयस, 'नजरचूक नाही. जाणूनबुजून जास्त लिहिलं. माझी बहीण या ऑफिसात आहे. अर्ज तिच्या हातात पडणार हे माहीत होतं. तिने एकदा सर्वांसमोर सांगितलं की तिला कोणी नव्हतं. आपण कोणीतरी आहोत असं तिला कागदावर तरी दिसावं, म्हणून लिहिलं. माझ्या मुलीचा यात दोष नाही.'

समितीसमोर लिहिलंस हे. सात परक्या माणसांसमोर, सहीनिशी, तारीख टाकून. मी टाळ्यांसाठी खोटं बोलले होते, आणि तू पोरीसाठी खरं लिहिलंस. तो कागद मी तीनदा वाचला, मग शिपाईमामांना दिला, त्यांनीही वाचला. नाक पुसत म्हणाले, "भाऊ आहे तुम्हाला? कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, आहे. मोठा आहे. सोफे शिवतो. त्याच्या कमाईवर मी जेवले, राहिले, शिकले. तिथून उठले आणि आत जाऊन समितीलाही तेच सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात नव्या मुलांसमोर हेच सांगणार म्हणून सांगून आले.

रविवारी आम्ही दोघं येतोय. तू हो म्हण किंवा नको म्हण, तिकिटं काढलीत. वहिनीला काही करत बसायला सांगू नकोस. दाराशी आले की तू गुडघा धरून उठायच्या भानगडीत पडू नकोस, मीच आत येईन आणि तुझ्याशेजारी बसेन. मग माझ्या तोंडावर विचार, धाकटे, तुला कोणी नव्हतं का? सगळ्यांसमोर विचार. मला उत्तर द्यायचंय.

तुझी,
धाकटी